भिंतीवर न टांगलेली सायकल

धारगळच्या चढावर मी सायकलवरून उतरते. उतरावंच लागतं. सायकल जड आहे, माझे गुडघे पन्नाशीच्या पुढचे आहेत आणि चढ कोणाकडे बघून कमी होत नाही. हँडल धरून चालायला लागलं की उतारावरच्या काजूंखालून पिकलेल्या बोंडूंचा वास येतो. ज्याने हा वास घेतलाय त्याला तो सांगावा लागत नाही, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळत नाही. गोड असतो, पण घशाला धरतो. तेवढ्यात मागून एखादी गाडी येते, हळू होते, काच खाली जाते. पंक्चर झाली का मॅडम, असं आतला माणूस विचारतो. नाही म्हटलं की मग चालत का जाताय, हा पुढचा प्रश्न. चढ आहे म्हणून, असं मी सांगते. काच वर जाते आणि गाडी विमानतळाच्या दिशेने निघून जाते. त्या माणसाला माझी दया आलेली असते. मला ती नको असते.

मी इथल्याच एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. घर पेडण्याला, माहेर मयेला. शाळेत माझ्याहून तरुण शिक्षक मोटरसायकलने येतात आणि मी सायकलने येते, याचं आता कोणाला काही वाटत नाही. किंवा वाटत असलं तरी माझ्यासमोर बोलत नाहीत. पण बोंडूंचा वास आला की दरवर्षी मला तो एक हंगाम आठवतो, जेव्हा सगळेच बोलत होते. भाऊ बोलत होता, नवरा बोलत होता, शेजारी बोलत होते. आणि मी कोणाचंही ऐकलं नाही. आयुष्यात तसे प्रसंग माझ्याकडून फारसे घडलेले नाहीत, म्हणून असेल, पण त्या हंगामातला एकेक दिवस माझ्याजवळ अजून ताजा आहे.

परीक्षा संपल्या होत्या. पेपर तपासायचे गठ्ठे मेजावर होते. मयेहून दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला की आतेची जुनी सायकल शेवटी मार्गी लागली. वहिनीच्या मावसभावाने किनाऱ्यावर कॅफे काढला होता. त्याला असल्या जुन्या वस्तू हव्या होत्या. तो येऊन सायकल बघून गेला होता. तिला पांढरा रंग द्यायचा, पुढच्या टोपलीत कागदी फुलं भरायची आणि दारासमोरच्या भिंतीवर टांगायची, खाली दिवे सोडायचे. पर्यटक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतील. दादा खुशीत होता. वाईट हेतू त्याच्या मनात अजिबात नव्हता. मागच्या पडवीत वर्षानुवर्षं पडलेल्या सायकलीला जागा मिळतेय, मान मिळतोय, असंच त्याला वाटत होतं. आतेला विचारलंस का, असं मी म्हटलं. तो म्हणाला, तिला आता काय कळतंय.

रविवारी मी मयेला गेले.

आते म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ऐंशी पार केलेली, अंगाने मूठभर. तिने लग्न केलं नाही. गोवा मुक्त झाल्यावर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली ती निवृत्त होईपर्यंत डिचोली तालुक्यातल्या गावांतून फिरत राहिली. मी गेले तेव्हा ती दाराबाहेरच्या बल्कांवात सिमेंटच्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती आणि काजूच्या बिया बोंडूंपासून पिळून वेगळ्या करत होती. दादा म्हणतो तसं तिला कळत नव्हतं, असं काही मला दिसलं नाही. कॅफेचा विषय मी काढायच्या आधी तिनेच काढला.

"भिंतीर टांगूक ती काय तसबीर?" ती म्हणाली. "फुलां लावतले म्हणे. अजून मी मरूक नाय, आणि ती पण मरूक नाय."

एवढं बोलून तिने पुढचा बोंडू उचलला. पण हे वाक्य ऐकल्यावर मला घरी परत जाऊन पेपर तपासत बसणं शक्य नव्हतं.

सायकल मी पडवीतून अंगणात आणली. लेडीज सायकल, मधली दांडी खाली वाकत गेलेली. मुक्तीच्या आधी बोटीने आलेली, आतेने ती डिचोलीतल्या एका घरातून जुनीच घेतली होती. कोणत्या कंपनीची, कोणत्या देशाची, ते आता सांगता येत नाही. पुढच्या नळीवरचा बिल्ला कधीच पडून गेला, तिथे दोन बारीक भोकं उरली आहेत. मूळ रंग हिरवा असावा. त्यावर खाणींची लाल धूळ इतकी वर्षं बसत गेली की तो हिरवा आणि तो लाल मिळून एक तिसराच रंग झाला आहे, जुन्या कौलाचा असतो तसा. आतल्या आत गंज असेल म्हणून मी नळीवर नखाने टिचकी मारली. ती स्वच्छ वाजली. बराच वेळ वाजत राहिली.

या आवाजाचं कारण मला ठाऊक आहे आणि वर्गात मी ते सांगतेही. या सायकलींची चौकट आजच्यासारखी वितळवून एकजीव केलेली नसते. पोलादाच्या पातळ नळ्या घ्यायच्या, त्यांची टोकं बाहीसारख्या एका नक्षीदार टोपणात बसवायची, आणि त्या दोहोंमधल्या केसाएवढ्या फटीत पितळ वितळवून सोडायचं. सोनार दागिना झाळतो तसंच. पोलाद तापतं, लाल होतं, पण वितळत नाही. त्याचा मूळ कस तसाच राहतो. वितळतं ते फक्त पितळ, आणि ते त्या फटीत आपणहून ओढलं जातं. म्हणून नळी पातळ ठेवता येते, म्हणून ती लवते, आणि लवून परत जागेवर येते. कठीणपणा म्हणजेच ताकद, अशी मुलांची समजूत असते. मोठ्यांचीही असते. मला ती खोडून काढायला आवडतं.

आतेच्या सायकलवर मी लहानपणी मागच्या कॅरिअरवर बसून खूप फिरले. ती शिरगावला जायची, मुळगावला जायची, तळ्याच्या कडेच्या वाड्यांवर जायची. हँडलला औषधांची पेटी अडकवलेली असायची. बाईमाणसाने सायकल मारत गावोगाव फिरायचं म्हणजे काय, असं तेव्हा घरात आणि घराबाहेर बरंच बोलणं झालं. माझ्या आजोबांनी तर सायकलीला कुलूप घातलं होतं. आते दुसऱ्या दिवशी चालत गेली, तिसऱ्या दिवशीही चालत गेली, आणि संध्याकाळी घरी उशिरा पोचायला लागली. मग आजोबांनीच कुलूप काढलं.

खाणी जोरात होत्या त्या काळात आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक एकामागून एक जायचे. झाडांची पानं लाल, घरांच्या खिडक्या लाल, दोरीवर वाळत घातलेली धोतरं लाल. सायकलवाल्यांनी ट्रक आला की रस्ता सोडून धुळीत उतरायचं, असा नियमच पडून गेला होता. आते उतरायची नाही. मी मागे बसलेली असताना एकदा एक ट्रक अगदी पाठीशी येऊन हॉर्न वाजवत राहिला. आतेने शांतपणे सायकल थांबवली, रस्त्यातच स्टँडवर लावली, मला धरून राहायला सांगितलं आणि ट्रककडे चालत गेली. ड्रायव्हरला तिने नावाने हाक मारली. त्याच्या बायकोचं बाळंतपण आठवड्यापूर्वी तिनेच केलं होतं. बाळ दूध पितं का, बाळाची कावीळ उतरली का, बायकोला ताप नाही ना, सगळं तिने सावकाश विचारलं. मागे ट्रकांची रांग लागली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली मान घालून एकेक उत्तर दिलं. त्यानंतर त्या रस्त्यावर तिला कोणीही हॉर्न दिला नाही, असं आते सांगते. मी त्यातलं थोडंसं कमी करून घेते. पण थोडंसंच.

तर त्या रविवारी मी टायरांत हवा भरली, साखळीला तेल दिलं आणि अंगणातून बाहेर पडले. काही अंतर गेले आणि मागून कोणीतरी सायकल हलवतंय असं वाटलं. उतरून बघितलं. सीटखालच्या नळीला मधली दांडी जिथे मिळते, त्या सांध्यात बारीक भेग होती. पितळाने तिथे पकड सोडली होती. मी सायकल ढकलत परत आले. दादा दारातच होता. त्याने भेग बघितली आणि म्हणाला की आता तरी हट्ट सोड, आता ती टांगण्यापलीकडे कशाला उपयोगी पडणार. मी म्हटलं, बघते. माझा नवरा फोनवर म्हणाला की तुला सायकलच हवी असेल तर लेकीची गिअरवाली आहे की घरात. मी त्यालाही म्हटलं, बघते.

मापशापासून डिचोलीपर्यंत मी त्या भेगेचा फोटो दाखवत फिरले. वेल्डिंगवाले तयार होते, पण विजेच्या ठिणगीने ती पातळ नळी जळून जाईल हे त्यांनाही दिसत होतं. एकाने सांध्यावर जाड पट्टी ठोकून देतो म्हटलं. एकाने मला नवी सायकल घ्यायचा सल्ला दिला, तोही फार प्रेमाने. घरी यायचे तेव्हा चेहरा उन्हाने लाल झालेला असायचा. नवऱ्याने एकदा विचारलं की तू नेमकं कोणाशी भांडतेयस. रस्ते रुंद झाले होते, डोंगर कापले होते, ज्याला त्याला कुठेतरी लवकर पोचायचं होतं, आणि ज्या वस्तूने आमची अर्धी पिढी जन्माला घालायला मदत केली तिला फुलं लावून भिंतीवर चढवायची घाई झाली होती. एवढ्या सगळ्याशी भांडते, असं कसं सांगणार.

मदत मिळाली ती दादाच्याच स्वयंपाकघरात. त्याचा फ्रीज बिघडला होता. दुरुस्त करायला डिचोलीहून महादेव आला. मूळचा गडहिंग्लजकडचा, बरीच वर्षं इकडे, आधी कारखान्यात होता आणि आता स्वतःचं फ्रीज-एसीचं काम करत होता. त्याने फ्रीजच्या मागची तांब्याची नळी कापली, नवा तुकडा जोडला आणि गॅसची बारीक ज्योत लावून सांधा झाळला. मी चहाचा कप हातात घेऊन बघत राहिले. धातू वितळला आणि फटीत आपणहून शिरला. मी त्याला पडवीत नेऊन सायकल दाखवली.

त्याने भेगेवरून बोट फिरवलं. "ताई, तांब्यावर रोज करतो. लोखंडावर पितळ कधी केलं नाही बघा. बिघडलं तर?"

बिघडलं तर ती भिंतीवर जाईल, मी म्हटलं. नाही केलं तरी भिंतीवरच जाणार आहे.

तो हसला. सुट्टीच्या दिवशी घेऊन या म्हणाला, करून बघू.

सुट्टीच्या दिवशी सायकल टेंपोत घातली तर आतेही निघायला तयार. चांगली साडी नेसलेली, हातात छत्री. दादा म्हणाला, तुझं तिथे काय काम. ती म्हणाली, एवढी वर्षं दुसऱ्यांच्या बाळंतपणाक गेलंय, हिच्या टायमाक जावक नको? मग तिला टेंपोत पुढे बसवलं.

महादेवच्या खोलीमागे एक काजूचं झाड होतं. त्याच्या सावलीत त्याने सायकल उलटी करून लाकडी ओंडक्यांवर पक्की केली. आतेला प्लास्टिकची खुर्ची दिली. मी सांध्याभोवतीचा रंग आणि गंज घासून काढला. खाली पोलाद पांढरं निघालं, इतक्या वर्षांनंतर. पितळ नीट धरावं म्हणून महादेवने सांध्याला टाकणखार लावला, ज्योत पेटवली. सांधा तापत गेला, तपकिरी झाला, मग काळपट लाल. त्याने पितळेची काडी टेकवली. पितळ वितळलं, पण आत गेलं नाही. त्याचा थेंब झाला, थेंब घरंगळला आणि जमिनीवर पडला. पुन्हा तसंच झालं. महादेवने ज्योत विझवली आणि कपाळ पुसलं. आम्ही दोघं त्या सांध्याकडे बघत बसलो. आत जुनी घाण असेल, तो म्हणाला. तापही सगळीकडे सारखा पोचत नसेल, मी म्हटलं. नळीपेक्षा टोपण जाड आहे, त्याला आधी तापवायला हवं. मग तो तारेने फटीच्या आतून घासत बसला आणि मी भिजवलेल्या फडक्यांनी बाकीच्या नळ्या गुंडाळल्या. आते आमच्याकडे बघत होती. घाई करू नकात, एवढंच तिने सांगितलं.

दुसऱ्या खेपेला त्याने ज्योत टोपणावर धरली आणि सावकाश गोल फिरवत राहिला. पितळेची काडी टेकली. क्षणभर पुन्हा थेंब झाला, आणि मग तो थेंब सांध्यात शिरला. वरून घातलं आणि खालच्या कडेला पिवळी रेघ उमटली, सरळ, सगळीकडे सारखी. पाणी जमिनीत मुरतं तसं ते पोलादात मुरलं. महादेव ज्योत हळूहळू मागे घेत गेला. सांधा गार होईपर्यंत कोणी त्याला हात लावला नाही. त्या वेळी वाऱ्यावर बोंडूंचा वास होता आणि त्यात तापलेल्या पितळेचा वास मिसळला होता, म्हणूनच बहुधा आता एकाची आठवण दुसऱ्यावाचून येत नाही.

सायकल मी टेंपोने पेडण्याला नेणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी चालवत नेणार म्हटल्यावर घरात पुन्हा बोलणं झालं. ऊन आहे, हमरस्ता आहे, वय आहे. सगळं खरं होतं. मी पहाटेच्या उजेडात मयेहून निघाले. पाववाला पोदेर टोपली घेऊन सायकलवरून समोरून आला. त्याने माझ्या सायकलीकडे बघितलं आणि दोन्ही घंट्या वाजल्या, आधी त्याची, मग माझी.

आता या सायकलवर बसल्यावर कसं वाटतं, ते सांगते. लोक म्हणतात, हे आठवणींचं प्रेम आहे. नाही. लेकीची सायकल मी त्याच रस्त्यावर चालवून बघितली आहे. ती हलकी आहे, चढावर पळते, मी तिला नावं ठेवत नाही. पण रस्त्यावरचा एकेक खडा ती मनगटापर्यंत आणून पोचवते. तासाभराने हात बधिर होतात. आतेची सायकल रस्ता माझ्यापर्यंत येऊ देते, पण आधी स्वतः ऐकून घेते. पुढचं चाक धरणारा चिमटा पुढे वळत गेलेला आहे. खड्डा आला की तो किंचित लवतो आणि लगेच सरळ होतो. धक्का येतो, पण गोल होऊन येतो. चांगल्या डांबरावर तिला एक बारीक गुणगुण असते, ती कानाला नव्हे, तळव्यांना ऐकू येते. हँडल सोडलं तरी ती सरळ जात राहते. आपण पायडलवर जोर दिला की चौकट जराशी दबते आणि पुढच्या फेरीला तो जोर परत देते, असं वाटतं. यातलं बरंचसं श्रेय जाड टायरांना आणि स्प्रिंगांच्या सीटला द्यायला हवं; विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी ते प्रामाणिकपणे देते. पण सगळं देणार नाही.

अस्नोड्यापर्यंत सकाळ माझी होती. तिथून पुढे ती गाड्यांची झाली. थिवी मागे पडली. कोलवाळच्या पुलावर वारा होता आणि खाली नदी भरतीने फुगलेली. पुलावर रंगीत टीशर्ट आणि हेल्मेट घातलेले सायकलवाले मागून आले आणि एकामागून एक मला ओलांडून गेले. त्यातला एकजण मागे वळला, माझ्या बरोबरीने चालवत राहिला आणि सायकल विकणार का असं विचारलं. नाही म्हटल्यावर, मग निदान चालवू नका, मोडेल, असं तो काळजीने म्हणाला. अशा सायकली जपून ठेवायच्या असतात. मी त्याला सांगितलं की जपतेच आहे. त्याला ते पटलं नाही. तो निघून गेला.

धारगळच्या चढाला मी उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तहान लागली होती, मांड्या थरथरत होत्या, आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. एवढ्यात मागून आमची गाडी आली. नवरा न सांगता शोधत आला होता. त्याने खाली उतरून पाण्याची बाटली दिली, मागचं दार उघडलं आणि सायकल आत घालूया म्हणाला. मी पाणी प्यायले आणि नाही म्हटलं. तो चिडला नाही. तो गाडीत बसला आणि सगळे दिवे लुकलुकते ठेवून माझ्या मागून चालण्याच्या वेगाने यायला लागला. त्याच्या मागे टॅक्स्या तुंबल्या, हॉर्न वाजले, कोणीतरी शिवी दिली. तो सरळसाधा माणूस आहे, त्याला असल्या गोष्टींची फार लाज वाटते. आरशात बघत तो नुसता बसून राहिला. मला एकदम त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी थांबले.

"तुम्ही मागे राहू नका," मी म्हटलं. "पुढे जा आणि चहा ठेवा. मी येते."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग गाडी गिअरमध्ये टाकली आणि पुढे गेला. मी घरी पोचले तेव्हा चहा तयार होता. अंगणात सायकल उभी करून मी सांधा बघितला. पिवळी रेघ जागच्या जागी होती.

कॅफेवाल्याला नंतर कुठूनतरी दुसरी सायकल मिळाली. ती पांढरी होऊन भिंतीवर लागली आहे आणि तिच्यासमोर फोटोही काढले जातात. दादा मला अधूनमधून त्या फोटोंबद्दल सांगतो, त्यात राग नसतो. महादेवने नंतर आणखी काही जुन्या सायकली झाळल्या. शाळेत सुरुवातीला मुलांनी मला एक नाव ठेवलं होतं, ते मला कळलं तेव्हा आवडलं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. आणि मी रोज जातेच आहे, पावसात रेनकोट घालून, उन्हात टोपी घालून, चढावर चालत. मला सायकलवरून कुठलाही संदेश द्यायचा नाही. मला फक्त ती चालवायची आहे, आणि ज्या रस्त्यावर गाड्या धावतात त्याच रस्त्यावर चालवायची आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात आते आमच्याकडे पेडण्याला राहायला आली. बाजाराच्या दिवशी सकाळी तिने मला बाजारात न्यायला सांगितलं. नवऱ्याने गाडीची किल्ली घेतली. ती म्हणाली, गाडीने नको. मग कशी येणार, मी विचारलं. तिने बोटाने कॅरिअर दाखवला.

आम्ही दोघांनीही तिला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"जन्मभर मी फुडच्या सीटर बसलंय," ती म्हणाली. "मागे बसलेल्याक कसा लागता, ता माका बघूक होया."

मी कॅरिअरवर घडी घातलेली चादर बांधली. ती एका बाजूला पाय सोडून बसली आणि तिने माझ्या कमरेला हात घातला. तो हात पाखराच्या पायाएवढा हलका होता. सायकल आम्हा दोघींच्या वजनाने जराशी दबली, सावरली आणि चालायला लागली. बाजारात आम्ही भाजी घेतली, सुकी मासळी घेतली, ओळखीच्या बायकांनी तोंडाला पदर लावला, आणि आतेने एकेकीची विचारपूस केली. परतताना उताराला वारा लागला. मागे ती काहीतरी गुणगुणत होती की सायकलच गुणगुणत होती, ते मला कळलं नाही.

घर आलं. गेटपाशी नवरा उभा होता, तिला उतरवून घ्यायला हात पुढे करून. मी ब्रेकवर बोटं ठेवली. पाठीवर तिची थाप पडली.

"थांबू नको. फुडे चल."

मी ब्रेक सोडला. नवऱ्याने काहीतरी विचारलं, ते मागे राहिलं. आम्ही गेटासमोरून पुढे गेलो.